खुर्चीत बसून ७.५६ मीटर

७.००, ७.५४, ७.५६, ७.२८.

हे आकडे साखरेचे नाहीत आणि हिमोग्लोबिनचेही नाहीत. पण रुग्णाचे रिपोर्ट लावतो तसे मी ते एकाखाली एक लिहून पाहिले. ही गोळाफेकीतली अंतरे आहेत, मीटरमध्ये. गोळा फेकणाऱ्या आहेत नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातील होनवडज गावच्या भाग्यश्री जाधव. पहिला आकडा २०२१ साली झालेल्या टोकियो पॅरालिम्पिकमधला, तिथे त्या सातव्या आल्या. दुसरा ऑक्टोबर २०२३मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेतला, तिथे रौप्यपदक. तिसरा मे २०२४मध्ये जपानमधील कोबे येथे झालेल्या जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेतला, तिथेही रौप्यपदक. चौथा त्याच वर्षीच्या पॅरिस पॅरालिम्पिकमधला, तिथे पाचवा क्रमांक. पॅरिसच्या उद्घाटन सोहळ्यात २८ ऑगस्टला भालाफेकपटू सुमित अंतिल यांच्यासोबत भारताचा तिरंगा धरण्याचा मान त्यांना मिळाला होता.

त्यांचा जन्म १९८५चा. म्हणजे टोकियोत त्या ३६ वर्षांच्या होत्या आणि पॅरिसमध्ये ३९ वर्षांच्या. ज्या वयात आपल्याकडे बाई 'आता गुडघे दुखायचेच' म्हणून बसायला लागते, त्या वयात यांची फेक तीन वर्षांत ५६ सेंटिमीटरने वाढली. तीही चाकांच्या खुर्चीवर आयुष्य काढणाऱ्या बाईची.

रोहण्यात बसून मी हे का लिहितो आहे? कारण गोळाफेक मला क्वचित दिसते, पण लकवा आठवड्यातून दोन-चारदा भेटतो. आणि त्या रुग्णाला घेऊन आलेल्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "डॉक्टरसाहेब, सहा महिने झाले. आता जे व्हायचं होतं ते झालं न जी?" या प्रश्नाला माझ्याकडे वैद्यकीय उत्तर आहेच. पण वरचे चार आकडे समोर ठेवले की ते समजायला सोपे जाते.

एफ-३४ म्हणजे काय?

पॅरा खेळांत प्रत्येक खेळाडूची आधी शारीरिक तपासणी होते आणि त्याला एक वर्ग दिला जातो. भाग्यश्रीताईंचा वर्ग एफ-३४. 'एफ' म्हणजे मैदानी फेकीचे प्रकार. ३१ ते ३८ हे आकडे ज्यांच्या हालचालींवरचा मेंदूचा ताबा बिघडला आहे अशा खेळाडूंसाठी असतात. त्यात जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेले येतात, तसेच पुढे आयुष्यात मेंदूला इजा झालेले किंवा पक्षाघात झालेलेही येतात. ३१ ते ३४ या वर्गांतले खेळाडू बसून फेकतात, ३५ ते ३८ मधले उभे राहून. बसणाऱ्यांमध्ये ३४ या वर्गातल्यांचे हात आणि धड त्यातल्या त्यात चांगले असते, पण पाय खूप बाधित असतात.

भाग्यश्रीताईंचे अपंगत्व जन्मजात नाही, ते ऐन तारुण्यात आले. ते कसे आले, यावर बातम्यांतून बरेच लिहिले गेले आहे. मी ते इथे उगाळत नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की चालती-बोलती तरुण मुलगी अंथरुणाला खिळते तेव्हा तिच्या घरात आणि माझ्या लकव्याच्या रुग्णाच्या घरात फारसा फरक नसतो. तीच बाज, तेच नातेवाईक, तोच प्रश्न.

मेंदूला इजा होते तेव्हा स्नायू मरत नाहीत. बिघडतो तो हुकूम. बैलजोडीचा कासरा गुंतला तर बैल धडधाकट असूनही बंडी सरळ जात नाही, तसेच हे. मग तीन प्रकारचे त्रास दिसतात. स्नायू कायम आवळलेला राहतो, ज्याला आम्ही स्पास्टिसिटी म्हणतो. किंवा हालचाल नेमकी होत नाही, पेला उचलायला गेलेला हात पुढेच जातो. किंवा हातापायांना आपोआप पीळ पडत राहतो. काहींमध्ये हे एकत्रही असते.

बसून फेकणे सोपे नाही

उभ्याने गोळा फेकणाऱ्या खेळाडूला नीट पाहा. गोळा हातातून सुटतो, पण त्यातला जोर निघतो पायांतून. खेळाडू वर्तुळात मागून पुढे झेपावते, पाय जमिनीला रेटा देतात, तो रेटा कमरेत येतो, कंबर वळते, मग छाती, मग खांदा आणि शेवटी मनगट व बोटे. हात म्हणजे या साखळीची शेवटची कडी.

एफ-३४ मध्ये या साखळीच्या पहिल्या कड्याच नाहीत. खेळाडूला एका विशेष खुर्चीवर बसवून पट्ट्यांनी बांधतात. ही खुर्ची गादीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही आणि ती जमिनीशी पक्की जखडलेली असते. फेकताना बैठकीवरून उठले तर फेक बाद. महिलांच्या या वर्गात गोळा ३ किलोचा असतो, अपंगत्व नसलेल्या महिला खेळाडूंचा ४ किलोचा. ३ किलो म्हणजे पाण्याच्या एक-एक लिटरच्या तीन भरलेल्या बाटल्या. त्या मानेजवळ धरा, स्टुलावर बसा, पाय हलवू नका आणि सात मीटर लांब टाका. दोन मध्यम खोल्या ओलांडून तिसरीत जाईल एवढे ते अंतर.

त्यात आणखी एक अडचण असते, ती प्रेक्षकांना दिसत नाही. गोळा फेकताना कोपर सरळ करायचे म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूने ओढायचे आणि त्याच क्षणी पुढच्या स्नायूने सैल पडायचे. निरोगी माणसात हे न शिकवता होते. ज्याच्या स्नायूंत ताठरपणा आहे त्याचा पुढचा स्नायू सैल पडायला तयार नसतो. गाडीचा ब्रेक दाबून ठेवून अॅक्सिलरेटर द्यावा तसे होते. शिवाय थंडी, दुखणे, ताण, उत्सुकता या सगळ्यांनी हा ताठरपणा वाढतो. माझे रुग्ण सांगतात, घरी हात बरा चालतो, दवाखान्यात तुमच्यासमोर आला की आवळतो. आता विचार करा, समोर भरलेले स्टेडियम आहे आणि देशाचे नाव पाठीवर आहे. अशा हातातून गोळा वेळेवर सुटणे ही हजारो वेळा केलेल्या सरावाची गोष्ट आहे. मेंदूला नवी वाट पाडायची असेल तर ती एकाच पायवाटेवरून रोज गेल्याने पडते, अधूनमधून गेल्याने नाही.

सहा महिन्यांचा गैरसमज

'सहा महिन्यांत जेवढे सुधारेल तेवढेच' हे वाक्य गावोगावी पसरले आहे. ते पूर्ण खोटे नाही, म्हणूनच ते धोक्याचे आहे.

पक्षाघातानंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते. मेंदूवरची सूज उतरते, दबलेले भाग जागे होतात, शेजारचे भाग काही काम अंगावर घेतात. सहा महिन्यांनंतर हा आपोआप होणारा भाग मंदावतो. इथपर्यंत खरे. पण यावरून लोक जो अर्थ काढतात तो चुकीचा आहे. ते समजतात, दार बंद झाले. दार बंद होत नाही. आता ते स्वतः ढकलावे लागते, एवढेच.

कारण सुधारणा दोन वेगळ्या गोष्टींची असते. एक, इजा भरून येणे. दुसरी, उरलेल्या शरीराची ताकद, दम आणि कौशल्य वाढणे. पहिलीला मुदत आहे. दुसरीला नाही. पूर्वी फिजिओथेरपीतही अशी भीती होती की ताठर स्नायूला वजन दिले तर तो आणखी ताठर होईल. आता अभ्यासांतून दिसले आहे की योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने स्पास्टिसिटी वाढत नाही, ताकद मात्र वाढते. भाग्यश्रीताईंची फेक ३६ ते ३९ या वयात वाढली ती या दुसऱ्या वाटेने.

याच वाटेचे आणखी स्पष्ट उदाहरण दीपा मलिक यांचे. त्या मूळच्या हरियाणाच्या, पण त्यांच्या खेळाची सुरुवात आपल्या महाराष्ट्रात झाली. १९९९मध्ये मज्जारज्जूतल्या गाठीमुळे त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या, दोन खांद्यांच्या मध्ये १८३ टाके पडले आणि छातीखालचे शरीर कायमचे लुळे झाले. त्याच काळात पती कारगिल युद्धात होते आणि घरी दोन लहान मुली होत्या. पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, त्यांनी चाकांच्या खुर्चीवरून खानावळ चालवली. महाराष्ट्राकडून त्या पोहण्याच्या स्पर्धांत उतरल्या, नंतर भाला आणि गोळ्याकडे वळल्या. २०१६च्या रिओ पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी एफ-५३ वर्गात ४.६१ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक मिळवले. पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. वय होते ४५.

शस्त्रक्रिया आणि पदक यांच्यात १७ वर्षांचे अंतर आहे. या १७ वर्षांत त्यांचा मज्जारज्जू जोडला गेला नाही. पायात संवेदना आली नाही. वैद्यकीय भाषेत बोलायचे तर 'रिकव्हरी' शून्य. आणि तरीही १९९९मध्ये बाजेवर असलेली बाई आणि २०१६मध्ये रिओत असलेली बाई यांची तब्येत एकच होती असे कोण म्हणेल? आजार बरा होणे हे एक काम आहे आणि माणूस सक्षम होणे हे दुसरे. पहिले थांबले म्हणून दुसरे सुरूच करायचे नाही, ही चूक आपल्या घराघरांत होते.

बाज आणि बाई

आणि हे बायकांच्या बाबतीत अधिक होते. घरातल्या कर्त्या पुरुषाला लकवा झाला तर दोन वर्षे दवाखाने होतात, कारण त्याला शेतात परत पाठवायचे असते. बाईला झाला तर तिची कामे सून किंवा मुलगी उचलते, घर पुन्हा चालू लागते, आणि तिची बाज मागच्या खोलीत सरकते. कोणी तिला वाईट वागवत नाही. जेवण वेळेवर मिळते, गोळ्या मिळतात. फक्त तिच्याकडून कोणाची काही अपेक्षा उरत नाही.

एका बाईंबद्दल सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय पंचेचाळीसच्या आसपास, कापसाच्या वेचणीला जाणाऱ्या. रक्तदाबाची गोळी 'आता बरं वाटते' म्हणून बंद केलेली. डावी बाजू गेली. मोठ्या दवाखान्यात जीव वाचला, घरी परतल्या. आठ महिन्यांनी ताप आला म्हणून मला बोलावले. ताप लघवीच्या जंतुसंसर्गाचा होता, पण पाहिले तर माकडहाडावर जखम होऊ लागली होती, कोपर वाकून आखडले होते आणि डाव्या खांद्याला हात लावू देत नव्हत्या. दिवसभर काय करता, असे मी विचारले. उत्तर सुनेने दिले, "काही नाही जी, पडून रायते." मी पुन्हा बाईंनाच विचारले. त्या म्हणाल्या, "कोणी काही करूच देत नाही."

औषध दिले, जखमेची व्यवस्था सांगितली आणि मुलाला एक वही आणायला लावली. पहिला आकडा लिहिला: पाठीला टेका न घेता किती वेळ बसता येते. एक मिनिटही नव्हते. फिजिओथेरपीसाठी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात पाठवले. तिथे शिकवलेले व्यायाम घरी करायचे आणि आठवड्यातून एकदा आकडा लिहायचा, एवढेच ठरले. सुरुवातीला वहीत फक्त बसण्याचा वेळ असे. मग खुर्चीवरून किती वेळा उठता आले ते आले. मग पावले आली. मधे सोयाबीन काढणीच्या दिवसांत तीन आठवडे कोरे गेले, कारण घरात माणूसच नव्हता, आणि आकडा खाली आला. पुन्हा वर यायला महिना लागला.

वर्षभराने त्या ओसरीत खुर्चीवर बसून तुरी निवडत होत्या. काठी धरून दारापर्यंत जात होत्या. डाव्या हाताची मूठ उघडली नाही, ती उघडेल असे मला वाटतही नाही. शेतात त्या पुन्हा गेल्या नाहीत. पण त्यांनी मला सांगितले, "दुपारी घरी कोणी नसलं अन् कोणी आलं, तं दार मीच उघडतो." जखम पुन्हा झालेली नाही, तापही नाही. तिने किती पावले टाकली याला कोणी पदक देणार नाही, पण आकड्यांचा हिशोब तोच आहे जो टोकियो ते कोबे होता.

घरी काय करायचे?

आधी सर्वांत महत्त्वाचे. तोंड वाकडे होणे, हात-पाय एकदम लुळा पडणे, बोबडी वळणे, यातले काहीही दिसले तर वेळ पाहा आणि लगेच सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात निघा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि तेही सर्वांनाच चालत नाही. झाडपाल्याचे औषध, कबुतराचे रक्त, दूरच्या गावची बुटी यात हे तास घालवू नका.

घरी आल्यावर:

१. जोवर रुग्ण झोपून आहे तोवर दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुबे रोज पाहा. लाली दिसली म्हणजे जखम सुरू झाली समजा.

२. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाजेवरून खुर्चीवर आणा. बसलेल्या माणसाच्या छातीत कफ कमी साचतो, गिळणे नीट होते, आणि तो घरातल्या बोलण्यात भाग घेतो.

३. लुळा हात धरून रुग्णाला ओढून उठवू नका. खांदा सांध्यातून सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखतो. बसताना हाताखाली उशी द्या.

४. प्रत्येक सांधा रोज पूर्ण फिरवा, पण हळू. झटका दिला की ताठर स्नायू आणखी आवळतो. तेलमालीश करायला हरकत नाही, मात्र मालीश म्हणजे व्यायाम नव्हे. ज्या हालचालीत रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न नाही, तिने ताकद वाढत नाही.

५. ताकदीसाठी जिम लागत नाही. पाण्याची बाटली आधी पाव भरा, मग अर्धी, मग पूर्ण. चांगल्या बाजूचाही व्यायाम करा, कारण दिवसभराचा भार तीच वाहते. जोर लावताना श्वास रोखू नका, फुंकर घालत सोडा. श्वास रोखला की रक्तदाब चढतो. रक्तदाब आटोक्यात नसेल, छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन उचलू नका.

६. रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दुसरा झटका पहिल्याने वाचवलेलेही घेऊन जातो.

७. रुग्णाचे रडणे, गप्प होणे, जेवण टाकणे याला 'स्वभाव बदलला' म्हणू नका. पक्षाघातानंतर नैराश्य बऱ्याच जणांना येते आणि त्यावर उपचार आहेत.

८. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून घ्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वे आहेत आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर बऱ्याच योजनांचा लाभ मिळतो. हे प्रमाणपत्र काढणे म्हणजे हार मानणे नव्हे. भाग्यश्रीताईंनाही आधी आपले अपंगत्व तपासून घ्यावे लागले, तेव्हा कुठे त्यांना खेळायला वर्ग मिळाला.

खाली आलेला आकडा

आता तो चौथा आकडा. कोबेत ७.५६ आणि तीन-चार महिन्यांनी पॅरिसमध्ये ७.२८. म्हणजे २८ सेंटिमीटरची घट. एखाद्या नातेवाइकाने हा रिपोर्ट पाहिला तर तो म्हणेल, "आता उतरण लागली."

मी तसे म्हणणार नाही. तीन वर्षांपूर्वीच्या ७.०० शी लावून पाहिले तर ७.२८ ही वाढच आहे. मधुमेहाच्या रुग्णाला मी हेच सांगतो: एका सकाळची साखर पाहून आनंद करू नका आणि रडू नका, तीन महिन्यांची सरासरी पाहा. लकव्यातही एक वाईट आठवडा येतो, झोप नीट होत नाही, सर्दी-ताप येतो, थंडीने अंग आखडते आणि चार पावलांची दोन होतात. घरचे लोक इथेच हात टेकतात आणि व्यायाम सुटतो. खरी उतरण मग सुरू होते.

म्हणून एक साधी दोनशे पानी वही घ्या. रुग्णाला आज जे करता येते त्यातली मोजता येईल अशी एकच गोष्ट निवडा: बसण्याचा वेळ, उठण्याची संख्या, पावले, भिंतीवर हात कुठवर पोचतो त्याची खडूची खूण. रविवारी मोजा, तारीख टाका, लिहा. शक्य असेल तर रुग्णालाच लिहू द्या, अक्षर कसेही आले तरी चालेल. आणि पुढच्या तपासणीला येताना एमआरआयच्या मोठ्या पाकिटासोबत ती वहीही घेऊन या. मी आधी वही पाहीन.